फळ्याच्या जागी पडदा आला, पण उस्ताद कुठे आहे?

पनवेल तालुक्यातील उलव्याचे नाव पंचवीस-तीस वर्षांपूर्वी बाहेरच्या माणसाला फारसे ठाऊक नव्हते. आज परिस्थिती बदलली आहे. ११ नोव्हेंबर २०१८ रोजी खारकोपरपर्यंत लोकल गाडी आली. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतूचे उद्घाटन झाले आणि त्याच दिवशी रेल्वे उरणपर्यंत पोहोचली. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून विमाने उडू लागली. या विमानतळासाठी उलव्याचा डोंगर फोडण्यात आला, नदीचा प्रवाह वळवण्यात आला आणि तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी अशा गावांतील कुटुंबांना आपली घरे सोडून दुसरीकडे जावे लागले. आता तेथे सिडकोचे सेक्टर, उंच इमारती आणि त्या इमारतींच्या खाली दुकाने आहेत.

नवी वस्ती म्हटली की आपला कारागीर तेथे पोहोचतोच. ग्रिल आणि फॅब्रिकेशनवाला, फर्निचरवाला, एसी-फ्रिज दुरुस्त करणारा, गॅरेजवाला, टेलर, बेकरीवाला आणि मोबाईल रिपेअरवाला ही मंडळी बिल्डरच्या पाठोपाठ येतात. धंद्याचा जम बसला की पहिला विचार मुलांच्या शाळेचा होतो. आपण अर्धवट शिकून हातात पाना धरला, मुलांनी तरी पुरते शिकावे, अशी प्रत्येकाची इच्छा असते. ती रास्तच आहे. पण शाळा पाहायला गेल्यावर त्याला काय दाखवले जाते? भिंतीवरचा मोठा पडदा, बोटाने चालणारे पॅनेल, वर्गातला कॅमेरा आणि मुलाचा अभ्यास दाखवणारे ॲप. फीच्या पावतीवर या सर्वांची रक्कम कधी उघड तर कधी आडवळणाने जोडलेली असते.

या यंत्रांना आमचा विरोध नाही. यंत्राला विरोध करून कारागिराचे पोट भरत नाही, हे आपल्या समाजाइतके दुसऱ्या कोणाला कळणार? आमचे म्हणणे एवढेच आहे की दुकानासाठी यंत्र घेताना आपण जी अक्कल वापरतो, तीच शाळा निवडताना वापरावी. लेथ मशीन घेताना आपण तिचा रंग पाहत नाही. ती चालवणारा कोण, बिघडली तर दुरुस्ती कोण करणार, दिवसाला काम किती निघणार, हे आपण विचारतो. मुलाच्या शाळेत मात्र आपण चकाकी पाहून गप्प बसतो.

शाळेत यंत्र आणण्याची हौस आपल्या देशात नवी नाही. १९८४ साली केंद्र सरकारने ‘क्लास’ नावाची योजना सुरू करून निवडक शाळांत बीबीसी मायक्रो हे परदेशी बनावटीचे संगणक दिले. पुढे २००४ पासून शाळांत संगणक कक्ष उभारण्याची मोठी योजना आली. त्यानंतर प्रोजेक्टर आले, टॅब आले आणि आता पॅनेल आले. ज्यांनी त्या काळातील संगणक कक्ष पाहिले आहेत त्यांना ते चित्र आठवत असेल: खोलीला कुलूप, संगणकावर प्लॅस्टिकचे आच्छादन आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या कपाटात. मोडेल या भीतीने कोणी हात लावायचा नाही. कारखान्यात मशीन असे पडून राहिले तर मालकाला झोप लागेल काय?

याच बाबतीत आपल्या रायगड जिल्ह्यातील एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. अमेरिकेतील निकोलस निग्रोपॉन्टे यांनी ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ अशी चळवळ २००५ साली सुरू केली. शंभर डॉलरमध्ये लॅपटॉप बनवायचा आणि तो गरीब देशांतील मुलांच्या हाती द्यायचा, अशी त्यांची कल्पना होती. भारतात या लॅपटॉपचा पहिला प्रयोग २००७ साली कर्जत तालुक्यातील खैरात या लहानशा गावातील एकशिक्षकी शाळेत झाला. चार इयत्ता, एक खोली, एक गुरुजी आणि मुलांच्या हाती हिरवे-पांढरे लॅपटॉप. त्या काळी पनवेलच्या चांगल्या धंदेवाईकाच्या घरीही लॅपटॉप नव्हता, तो आदिवासी-धनगर वस्तीतल्या मुलांच्या हाती पडला. मुलांनी ते यंत्र लीलया हाताळले. मूल यंत्राला घाबरत नाही, हे तेथे दिसलेच.

पण यंत्र हाताळता येणे वेगळे आणि शिकणे वेगळे. याच चळवळीचा सर्वांत मोठा प्रयोग दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात झाला. तेथील सरकारने आठ लाखांहून अधिक लॅपटॉप वाटले. ३१९ ग्रामीण शाळांची पाहणी करून २०१२ साली जो अहवाल आला, त्यात मुलांच्या गणितात आणि भाषेत काहीही फरक आढळला नाही. काही सर्वसाधारण बौद्धिक कौशल्यांत तेवढी थोडी वाढ दिसली होती. माल पोहोचला, वाटप झाले, फोटो निघाले. पण शिक्षकाने त्या यंत्राचा धड्यात वापर कसा करावा, याची नीट तयारी कोणी करून घेतली नव्हती. मशीन आणले आणि ऑपरेटर नेमलाच नाही, असा हा प्रकार होता.

आता याच्या उलट बाजू पाहू. सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात परितेवाडी नावाचे गाव आहे. तेथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली ‘ग्लोबल टीचर प्राइज’ हा दहा लाख डॉलरचा जागतिक पुरस्कार मिळाला. त्यातील अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड छापून तो मोबाईलने स्कॅन केला की कविता, चित्रफीत आणि प्रश्न समोर यावेत, ही त्यांची युक्ती पुढे राज्याने आपल्या पुस्तकांत उचलली. वर्तमानपत्रांनी कोडचे फार कौतुक केले. पण त्याआधी गुरुजींनी काय केले? त्या वाडीतील मुलांची बोली कन्नड होती आणि पुस्तके वेगळ्या भाषेत. गुरुजी स्वतः कन्नड शिकले आणि धडे मुलांच्या भाषेत तयार केले. ती मेहनत नसती तर तो चौकोनी ठिपक्यांचा छाप कोराच राहिला असता.

ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात पष्टेपाडा येथेही संदीप गुंड या शिक्षकाने लोकसहभागातून जिल्हा परिषदेची शाळा डिजिटल केली आणि राज्यातील शिक्षक ती पाहण्यासाठी त्या पाड्यावर जाऊ लागले. दोन्ही ठिकाणी श्रीमंत संस्था नव्हती, मोठी इमारतही नव्हती. यंत्राच्या मागे एक उस्ताद उभा होता, हीच या दोन्ही शाळांची खरी पुंजी.

उस्ताद हा शब्द आम्ही मुद्दाम वापरत आहोत. आपल्या धंद्यात शागीर्द कसा तयार होतो? उस्ताद त्याला सांगतो, करून दाखवतो, मग त्याच्या हाती काम देतो आणि शेजारी उभा राहून पाहतो. टाका वाकडा गेला की तेथेच थांबवतो. वेल्डिंग कच्चे राहिले तर हातोड्याने ठोकून दाखवतो. या सर्वांत सांगणे आणि दाखवणे ही दोन कामे पडदा उत्तम करतो. हृदयाचे ठोके, ग्रहणाची सावली, इंजिनातील पिस्टनची हालचाल या गोष्टी खडूने समजावताना गुरुजींचा अर्धा तास जातो, त्या पडद्यावर पाच मिनिटांत दिसतात. पण हात धरून चूक दाखवण्याचे काम पडद्याला जमत नाही. मकतबमध्ये मुलाला कुरआनचे वाचन शिकवतानाही हेच असते. उत्तमोत्तम कारींच्या ध्वनिफिती आज खिशातल्या मोबाईलवर आहेत; तरीही उस्ताद प्रत्येक मुलाला समोर बसवून ऐकतो, कारण मुलाचा उच्चार कोठे चुकला हे ध्वनिफितीला ऐकू येत नाही.

मग चूक पकडणारे यंत्र निघाले तर? असे प्रयत्नही झाले आहेत आणि त्यांचा निकाल विचार करण्यासारखा आहे. दिल्लीत सरकारी शाळांतील मुलांसाठी शाळेबाहेर काही केंद्रे चालवली गेली. तेथे ‘माइंडस्पार्क’ ही भारतीय बनावटीची संगणक प्रणाली होती. मूल सहावी-सातवीत असले तरी त्याचे गणित तिसरीचेच असेल, तर ही प्रणाली त्याला तिसरीपासून सुरुवात करून देते. रोजच्या दीड तासांपैकी निम्मा वेळ संगणकापुढे आणि निम्मा वेळ लहान गटात शिक्षकासमोर जात असे. साडेचार महिन्यांत गणितात आणि हिंदीत स्पष्ट प्रगती दिसली आणि मागे पडलेल्या मुलांना त्याचा विशेष लाभ झाला. हा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. साठ मुलांच्या वर्गात एकच धडा सर्वांपुढे लावणारा पडदा हे काम करत नाही. जे मूल मागे आहे ते अंधारात बसून पडद्याकडे पाहते आणि मागेच राहते. फक्त ते आता शांत बसते म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही.

दुसरा अनुभव तुर्कस्तानातील आहे. तेथे माध्यमिक शाळेतील सुमारे एक हजार विद्यार्थ्यांना गणिताच्या सरावासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचे साधन देण्यात आले. ज्यांना साधे, विचारेल ते उत्तर देणारे साधन मिळाले त्यांची सरावाची गणिते भराभर सुटली. पण साधन काढून घेऊन परीक्षा घेतली तेव्हा त्यांचे गुण, ज्यांना साधन मिळालेच नव्हते अशा मुलांपेक्षा १७ टक्क्यांनी कमी भरले. ज्या मुलांना उत्तर न देता फक्त इशारा देणारे साधन दिले होते, त्यांचे असे नुकसान झाले नाही. शागीर्दाने कपडा फाडला म्हणून उस्तादानेच रोज शिवून दिले, तर गिऱ्हाइकाचा कपडा वेळेवर जाईल. शागीर्द मात्र कधीच टेलर होणार नाही. मुलगा घरी बसून मोबाईलला गृहपाठ विचारत असेल तर त्याची वही भरलेली पाहून आपण खूश होऊ नये. वही बाजूला ठेवून तेच गणित त्याला तोंडी विचारावे.

कोरोनाच्या काळाची आठवण येथे काढायलाच हवी. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि वर्ग मोबाईलवर आले. घरात चांगला मोबाईल एकच, तोही बापाच्या खिशात. बाप धंद्यावर गेला की शाळा त्याच्याबरोबर गेली. तीन भावंडांत पाळी लागली आणि ज्या घरात पाळी लागली तेथे बहुतेक वेळा मुलगी मागे राहिली. सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’सारखे कार्यक्रम झाले, शिक्षकांनी गल्लीत-पारावर वर्ग घेतले, याचे मोल आहेच. पण यंत्र घरी असले म्हणजे शिक्षण घरी आले असे होत नाही, हा त्या दिवसांचा धडा आहे. आज मोबाईलची टंचाई उरलेली नाही. ‘असर’च्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत १४ ते १६ वर्षांच्या सुमारे ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आढळला. तो वापरता येणाऱ्या मुलांपैकी ५७ टक्क्यांनी मागील आठवड्यात अभ्यासासाठी त्याचा उपयोग केला होता आणि ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. हा हिशेब प्रत्येकाने आपल्या घरी करून पाहावा.

आता पैशाची बाजू. मुलाच्या भवितव्याच्या नावावर माणूस कर्ज काढायला लवकर तयार होतो, हे विकणाऱ्यांना चांगले ठाऊक आहे. बायजूज ही शिकवणीचे ॲप विकणारी कंपनी एकेकाळी देशातील सर्वांत मोठ्या नव्या कंपन्यांत गणली जात होती. पालकांच्या गळ्यात हप्त्याचे अभ्यासक्रम मारल्याच्या तक्रारींवरून डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने तिच्या प्रमुखांना हजर राहण्यास सांगितले आणि जुलै २०२४ मध्ये कंपनीविरुद्ध दिवाळखोरीची कार्यवाही सुरू झाली. कंपनी कोणतीही असो. घरी गोड बोलत आलेला विक्रेता मुलाची ‘मोफत चाचणी’ घेऊन तो किती मागे आहे हे सांगू लागला आणि लगेच हप्त्याचा कागद पुढे केला, तर सही करू नये. कारखान्याच्या कर्जातून मशीन कमावते आणि हप्ता फिटतो. टॅबचा हप्ता मात्र टॅब कमावून देत नाही.

शिवाय जे विकत घ्यायला सांगितले जाते त्यातील पुष्कळसे फुकट उपलब्ध आहे. बालभारतीची पाठ्यपुस्तके संकेतस्थळावर मोफत मिळतात, मराठीप्रमाणे उर्दूतही मिळतात. केंद्र सरकारचे ‘दीक्षा’ हे २०१७ साली सुरू झालेले व्यासपीठ मोफत आहे. पुस्तकातील क्यूआर कोड त्यावरच उघडतो. आयटीआयच्या ट्रेडचे साहित्य ‘भारत स्किल्स’वर आहे. आपल्या कारागीर बांधवांनी हे शेवटचे स्वतःसाठीही उघडून पाहावे. इन्व्हर्टर एसीचा सर्किट बोर्ड किंवा नव्या गाडीचे वायरिंग आपल्या उस्तादांच्या काळी नव्हतेच. विमानतळाच्या परिसरात जी कामे निघतील त्यांत सर्टिफिकेट आणि नवी यंत्रे जाणणाऱ्यालाच प्रथम विचारले जाईल. तेव्हा हेल्परला रिकाम्या वेळी मोबाईल पाहू द्यावा, पण काय पाहायचे ते ठरवून द्यावे. संध्याकाळी त्याच्याकडून ते काम हाताने करून घ्यावे. असे केल्याने आपला वर्कशॉपही एक वर्गच होतो.

काही मंडळी म्हणतात, हे सर्व थोतांड आहे. जुना फळा आणि छडीच बरी होती. स्वीडनसारख्या पुढारलेल्या देशाने २०२३ साली शाळांत पुन्हा छापील पुस्तकांवर भर देण्याचे ठरवले, याचा ते दाखला देतात. दाखला खरा आहे, पण त्याचा अर्थ पुरता घ्यावा. त्या देशाने सर्व संगणक फेकून दिले नाहीत. लहान मुलांच्या हाती आधी पुस्तक आणि पेन द्यावे, एवढे ठरवले. युनेस्कोनेही त्याच वर्षीच्या अहवालात हाच प्रश्न विचारला: तंत्रज्ञान शाळेत येते ते कोणाच्या अटींवर? विकणाऱ्याच्या की शिकणाऱ्याच्या? ज्याच्याकडे पैसा आहे त्याच्या मुलाला पडदाही मिळेल आणि पडद्यामागे चांगला शिक्षकही मिळेल. आपल्या मुलाच्या वाट्याला नुसता पडदा आला तर काय, ही आमची खरी चिंता आहे.

म्हणून शाळेत प्रवेश घेताना किंवा पालकसभेत आपण चार प्रश्न विचारावेत. या यंत्राचा वापर कसा करायचा, याचे प्रशिक्षण शिक्षकांना मिळाले आहे काय आणि तेच शिक्षक शाळेत टिकून आहेत काय? यंत्र बंद पडले तर किती दिवसांत दुरुस्त होते आणि वीज नसेल त्या दिवशी वर्ग कसा चालतो? जे मूल मागे पडले आहे त्याच्यासाठी वेगळे काय करता? आणि आमच्या मुलाच्या वहीतील चुका कोण, कधी तपासतो? पहिले तीन प्रश्न विचारायला संकोच वाटत असेल तर चौथा तरी विचारावा. वहीची पाने उलटून पाहावीत. चुकीच्या उत्तरावर लाल शाईची खूण आहे आणि त्याखाली मुलाने ते पुन्हा बरोबर लिहिले आहे, असे दिसले तर ती शाळा चांगली, मग तेथे पडदा असो वा नसो. सर्व पाने कोरी, बिनतपासणीची असतील तर भिंतीवर कितीही मोठा पडदा असला तरी आपले पैसे बुडाले समजावे.

प्रश्न विचारण्याने शाळेचा अपमान होत नाही. चांगल्या दुकानदाराला चौकस गिऱ्हाईक आवडते, तसेच चांगल्या मुख्याध्यापकाला जागरूक पालक आवडतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत तर शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात पालकांनाच बहुमत दिलेले आहे. आपल्यापैकी किती जण त्या बैठकीला जातात? धंदा सोडून महिन्यातून एक तास काढणे जड जाते, हे आम्ही जाणतो. पण ज्या मुलासाठी आपण रात्री दहापर्यंत दुकान उघडे ठेवतो त्याच्यासाठीच हा तास आहे. आपल्या परिसरातील दोन-चार व्यापाऱ्यांनी मिळून पाळीने जावे. एकाने दुसऱ्याचे दुकान सांभाळावे. बंद पडलेला प्रोजेक्टर दुरुस्त करणारा, वायरिंग नीट करणारा, मोडके बाक जोडणारा कारागीर आपल्यातच आहे. त्याने शाळेत जाऊन एक दिवस हात लावला तर मुलांना आणखी एक गोष्ट दिसेल: यंत्र माणूस बनवतो, माणूस दुरुस्त करतो आणि ते कसे वापरायचे हेही माणूसच ठरवतो.